सक्ती कुणावर? स्वारगेटच्या शेजारच्या शाळांची गोष्ट



स्वारगेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटी स्टँड येतो. भोरची गाडी लागली का, साताऱ्याची सुटली का, पिशवी सांभाळ, पोराचा हात सोडू नको. आपण तिथे उतरतो, काम उरकतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. यंदा आम्ही गटातल्या सहाजणी बचत गटाच्या प्रदर्शनासाठी पुण्याला गेलो होतो. माल दुपारीच संपला आणि गाडीला चार तास होते. त्या चार तासांत आम्ही जे पाहिलं आणि त्याच्या मागचं जे वाचलं-ऐकलं, ते आज सांगणार आहोत.

आधी आमच्या मनात काय होतं ते सांगतो. आमचं गाव भोर तालुक्यातलं. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी मिळून सतरा पोरं उरली आहेत. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि बाकीची पोरं टाय लावून इंग्लिश मिडियमला जातात. आता शाळा बंद करून ही सतरा पोरं पलीकडच्या गावच्या शाळेला जोडणार, अशी कुजबुज सुरू झाली आहे. मधे ओढा आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की मोठी माणसंसुद्धा अलीकडेच थांबतात. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "बंद झाली तर झाली. सरकारची शाळा, सरकार बघून घेईल." त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही.

सरकारची शाळा. हा शब्द घेऊनच आम्ही पुण्याला गेलो होतो.

स्वारगेटच्या चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचं नाव आहे. जेध्यांनी १९२५ साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारावा म्हणून ठराव आणला होता, आणि त्यावरून शहरात मोठं वादळ उठलं होतं. या चौकातून घोरपडे पेठेच्या अंगाने चालत निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत आपण महात्मा फुले पेठेत पोचतो. जुनी माणसं तिला अजून गंज पेठच म्हणतात. तिथे फुल्यांचा वाडा आहे. अंगणातली विहीर आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लोकांना खुला केला, तो याच घरचा.

सावित्रीबाईंची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. शेणाचे गोळे, दगड, पिशवीतलं दुसरं लुगडं, हे पोरींच्या भाषणात दर वर्षी येतं. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. सावित्रीबाई शहरातल्या नव्हत्या. त्या नायगावच्या, म्हणजे खंडाळा तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. स्वारगेटहून साताऱ्याची गाडी शिरवळवरून पुढे जाते, त्याच वाटेवरचं हे गाव. १८४० साली लग्न होऊन त्या पुण्यात आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. जोतीरावांच्या घराण्याचं गाव पुरंदर तालुक्यातलं खानवडी. म्हणजे आपल्याच वाटांनी पुण्यात आलेली ही माणसं.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ती थोड्याच दिवसांत थांबली. मग १८५१ आणि १८५२ या दोन वर्षांत बुधवार पेठ, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ अशा तीन ठिकाणी मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ, स्वारगेटच्या अगदी शेजारची. तिथेच १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम गंज पेठेत होती. त्यांनी वस्तीत फिरून मुलं शाळेत आणली आणि शाळेच्या पाठीशी उभे राहिले. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणात माहेरी असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण नसताना फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. आपल्या गटातली एखादी बाळंतपणाला माहेरी गेली की तिला गटाची जशी काळजी लागते, तशीच ही काळजी.

या शाळांतून काय निघालं? मुक्ता साळवे नावाची मुलगी निघाली. मातंग समाजातली, चौदा वर्षांची. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. त्यात तिने आपल्या लोकांच्या जमिनी आणि हक्क कसे गेले ते लिहिलं. आणि एक गोष्ट अशी लिहिली की जी पुरुषाला सुचली नसती. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात ते स्वतःवरून ओळखा, असं तिने वाचणाऱ्यांना सुनावलं. तीन वर्षांची शाळा, आणि पोरगी एवढं बोलायला लागली.

पुढे काय झालं ते मात्र हार घालताना कुणी सांगत नाही. या शाळा वर्गणीवर चालत होत्या. काही साहेब लोक, काही पुण्यातले सुधारक पैसे देत. सरकारच्या दक्षिणा फंडातून थोडी मदत मिळे. १८५७ चा उठाव झाला, वर्गण्या आटल्या, मदत आखडली. १८५८ च्या सुमाराला मुलींच्या त्या तिन्ही शाळा बंद पडल्या. शिकवणाऱ्या होत्या, शिकणाऱ्याही होत्या. पैसा नव्हता.

मैत्रिणींनो, आम्ही फुले वाड्याच्या अंगणात बसलो होतो तेव्हा याच गोष्टीवर बराच वेळ बोललो. चांगल्या माणसाने सुरू केलेली चांगली शाळा देणगी संपली की संपते. हे जोतीरावांनी स्वतः भोगलं होतं. म्हणून पुढे चोवीस वर्षांनी त्यांनी वेगळंच मागणं मांडलं.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटरसाहेबांचा आयोग नेमला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीरावांनी आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. त्यात त्यांनी हिशोब मांडला. सरकारची तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने. तेव्हा शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा लोकल फंड घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. पैसा खेड्यातला, पण शिकून मोठी होणारी मुलं वरच्या जातींची आणि शहरातली. जोतीराव म्हणाले, बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक असे नेमा की जे शेतकऱ्यांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत. मुलांना मोडी, बालबोध, हिशोब शिकवा, शेतीची आणि आरोग्याची माहिती द्या. शेवटी त्यांनी मुलींच्या प्राथमिक शिक्षणाला जास्त सढळ हात लावा अशी विनंती केली.

म्हणजे आमच्या मैत्रिणीचा जो शब्द होता, 'सरकारची शाळा', तो शब्द सरकारने आपणहून दिलेला नाही. मागून घेतलेला आहे. आणि त्या शाळेत आपल्या खापरपणजोबांचा आणा आहे.

मागितल्यावर लगेच मिळालं असंही झालं नाही. १८८४ च्या सुमाराला प्राथमिक शाळांचा भार खेड्यांत लोकल बोर्डांवर आणि शहरांत नगरपालिकांवर आला. पण सक्ती नव्हती, आणि पैसा तुटपुंजा. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली आधी अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा मिळाली.

मुभा मिळाली, तसा पुण्यात प्रश्न उभा राहिला. सक्ती कुणाची? फक्त मुलांची, की मुलींचीही?

टिळक आणि न. चिं. केळकर यांच्या पक्षाचं म्हणणं होतं की नगरपालिकेजवळ एवढा पैसा नाही. आधी मुलग्यांचं करू, मुलींचं नंतर पाहू. दुसऱ्या बाजूला विठ्ठल रामजी शिंदे होते, इतर सुधारक होते, आणि बायका होत्या. १९२० साली पुण्याच्या बायकांनी रमाबाई रानड्यांच्या पुढारपणाखाली मोर्चा काढला आणि मुलींनाही सक्तीचं शिक्षण द्या अशी मागणी केली. विचार करा, शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात बाईने चप्पल घालून रस्त्याने जावं की नाही यावर लोक बोलत, तिथे बायका रांगेने रस्त्यावर उतरल्या. सभा झाल्या, त्या उधळल्या गेल्या, पत्रांतून भांडणं झाली. शेवटी नगरपालिकेने ठरवलं, आधी मुलगे.

बायका तेव्हा हरल्या. पण त्या घरी बसल्या नाहीत. रमाबाईंची सेवासदन संस्था १९०९ पासून पुण्यात होतीच. तिथे दुपारच्या वेळी, घरचं आवरून, लग्न झालेल्या आणि विधवा झालेल्या बायका शिकायला येत. त्यातल्या किती तरी मास्तरीण झाल्या. कायद्याने जिथे मुलींना मागे ठेवलं, तिथे त्यांना शिकवायला बायाच तयार झाल्या.

त्या 'आधी मुलगे'ची खूण पुण्यात अजून पाहायला मिळते. महापालिकेच्या शाळांना नावाबरोबर नंबर असतो. कित्येक शाळांच्या नंबरापुढे 'बी' किंवा 'जी' असं अक्षर असतं. बी म्हणजे मुलांची, जी म्हणजे मुलींची. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी. आज अशा कित्येक शाळांत मुलं-मुली एकत्र बसतात, पण अक्षर राहून गेलं आहे. आम्हाला ते आधी कळलंच नाही. एका शिपाईमावशींनी सांगितलं तेव्हा उलगडलं.

होय, आम्ही अशा एका शाळेच्या फाटकापाशीही गेलो. स्वारगेटच्या आसपास महापालिकेच्या बऱ्याच शाळा आहेत. घोरपडे पेठ, गुरुवार पेठ, गुलटेकडी, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्या, सगळीकडच्या मुलांसाठी. शाळा सुटायची वेळ होती. फाटकापाशी आया उभ्या होत्या. कुणाच्या हातात भाजीची पाटी, कुणी धुण्याभांड्याची कामं आटोपून थेट आलेली. आम्ही लुगडी नेसलेल्या सहाजणी म्हणून त्यांनीच विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" आम्ही भोरकडच्या म्हटल्यावर एकेक सांगायला लागल्या. एक उस्मानाबादकडची, एक बीडची, एक गुलबर्ग्याची. एकीचा नवरा मार्केट यार्डात हमाली करतो. एकीची सासू बहात्तरच्या दुष्काळात इकडे आली ती परत गेलीच नाही.

मैत्रिणींनो, आपल्याला वाटतं शहरातली शाळा म्हणजे शहरातल्या लोकांची. तसं नाही. पुण्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत बसलेलं पोर बहुतेक करून खेड्यातून उठून गेलेल्या बाईचं असतं. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठची वस्ती उठली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापुराकडून लोंढे आले. त्यानंतर बांधकामावर, यार्डात, घरकामाला माणसं येतच राहिली. त्यांच्या पोरांना ज्या शाळेने दार उघडलं ती ही.

दार उघडं असलं तरी पोरगं आत जातंच असं नाही. कचरा वेचणाऱ्या बायांचंच पाहा. आईबरोबर लहान मुलीही पाठीवर पोतं घेऊन फिरायच्या. पुण्याला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून या बायांशी ओळख झाली, आणि १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. ओळखपत्र, रास्त भाव, अशी लढाई त्यांनी केली, आणि त्याबरोबर हेही धरलं की आमची पोरं पोतं उचलणार नाहीत, शाळेत जातील. आईच्या हाताला चार पैसे जास्त मिळाले की मुलीच्या हातातलं पोतं सुटतं. शाळेचा हा भाग शाळेच्या बाहेर असतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. सक्ती कुणावर?

शाहू महाराजांच्या काळात सक्ती आईबापांवर होती. पोर पाठवलं नाही तर दंड. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं आपण तोच अर्थ धरून बसलो. पण २००२ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क झाला. मग २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्यात 'सक्ती'चा अर्थ फिरला. आता सक्ती सरकारवर आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळ शाळा द्यायची, तिथे त्याला दाखल करायचं, ते हजर राहील आणि आठवीपर्यंत शिक्षण पुरं करील हे पाहायचं, हे सरकारचं बंधन. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असा नियम आहे.

हा कायदा आपल्या कामाचा आहे म्हणून त्यातल्या चार गोष्टी सांगतो, गटात लिहून ठेवा.

जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत घेत नाही, असं कुणालाही म्हणता येत नाही.

वर्ष अर्धं झालं तरी दाखला मिळतो. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जाणाऱ्या आईने हे लक्षात ठेवावं. जाताना शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं.

शाळा सुटलेल्या मोठ्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं आणि मागे राहिलेला अभ्यास जादा शिकवून भरून काढायचा असतो. लहान पोरांत बसायची लाज वाटते म्हणून तिने घरी राहायचं कारण नाही.

आणि चौथी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. शाळेला आलेला पैसा कसा खर्च झाला हे ती पाहते. १९२० साली पुण्याच्या बायकांना नगरपालिकेच्या दाराबाहेर उभं राहून ओरडावं लागलं होतं. आज कायद्याने आपली खुर्ची आत ठेवली आहे. आपण तिच्यावर बसत नाही, आणि सही करायला घरी रजिस्टर आलं की न वाचता अंगठा देतो.

परतीच्या गाडीत आम्ही याच गोष्टी बोलत होतो. भिडे वाडा आता राहिला नाही. तो पार मोडकळीला आला होता, बरीच वर्षं कोर्टात अडकला होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. २०२४ च्या सप्टेंबरात ज्या दिवशी स्वारगेटपर्यंतची मेट्रो सुरू झाली, त्याच दिवशी तिथल्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारक व्हावंच. पण आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "त्यांचं स्मारक पुण्यात होईल. आपल्या गावातलं चालू आहे ते बंद पडू नये म्हणजे झालं."

गावी आल्यावर आम्ही काय केलं तेही सांगतो. व्यवस्थापन समितीची बैठक लावायला मुख्याध्यापकांना सांगितलं. समितीत बाया कोण आहेत ते पाहिलं, तर सातजणी निघाल्या आणि त्यातल्या चौघींना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. बैठकीला सातही जणी आल्या. शाळेपासून पलीकडच्या गावच्या शाळेपर्यंतचं अंतर किती, ओढा कधी भरतो, किती दिवस वाट बंद असते, हे लिहून ठराव केला आणि पंचायत समितीला दिला. व्हॅनमधून जाणाऱ्या पोरांच्या घरीही गेलो. भांडायला नाही, ऐकायला. आया म्हणाल्या, गुरुजींना तालुक्याच्या मीटिंगा फार, शाळेत इंग्रजी नीट होत नाही. खोटं नव्हतं. तेही ठरावात घातलं. पुढच्या जूनला दोन पोरं परत येतील असं दोघींनी सांगितलं आहे. सतराची एकोणीस. शाळा राहील की नाही हे अजून कळलेलं नाही. पण आता 'सरकार बघून घेईल' असं गटात कुणी म्हणत नाही.

तुमच्या गावच्या समितीत कोण बाया आहेत? पुढच्या बैठकीत रजिस्टर मागवा आणि नावं मोठ्याने वाचा. काय निघतं ते आम्हाला कळवा.